ग्रुप ए आघाडीवर

४ नोव्हेंबर, अमरावती
आजपासून रोजनिशी. शिस्त म्हणून, बाकी कारण नाही. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो तरी शिस्त निवृत्त होत नाही.

शकुनने पुन्हा तोच विषय काढला. अकोल्यात दामिनीच्या साखरपुड्यात मी जेवणाआधी कुठे गेलो होतो? बायको आहे की मिलिटरी पोलीस? गाडीचं टाइमटेबल बघायला स्टेशनवर गेलो होतो, असं सांगितलं. ती म्हणे, आपुन तर टेम्पोनं आल्तो, तुमाले कोन्ती गाडी पाहाची होती? बाहेर पोरांनी सुतळी बॉम्ब लावले होते. त्यांचा आणि माझ्या जाण्याचा ती उगाच संबंध लावते. मला स्टेशनवर बसायला आवडतं.

लग्न १६ फेब्रुवारीला, इथेच. दामिनीने विचारलं, बाबा, लग्नात तरी राहाल ना मांडवात? एकुलती एक पोरगी, आणि असा प्रश्न. म्हटलं, मांडवात काय, गेटवर उभा राहून वरात घेईन. विषय संपला.

११ नोव्हेंबर
वकार आला. आम्ही एकाच पलटणीत होतो. आता त्याचं अकोल्यात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. म्हणाला, झोप नाही, पोरांवर हात उगारला जातो. इथल्या एका कॉलेजात नगमा मॅडम आहेत. लढाई पाहिलेल्या जवानांच्या मनात जे अडकून राहतं, त्यावरच्या दोन उपचारांपैकी कोणता बरा, याचा त्या अभ्यास करतात. वकारला एकट्याला जायची लाज वाटत होती. सोबत म्हणून मीही नाव दिलं. मला काही झालेलं नाही.

१८ नोव्हेंबर
चिठ्ठ्या टाकून दोन ग्रुप पाडले. ग्रुप ए: जे घडलं ते डोळे मिटून, आत्ता घडतंय असं सांगायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. शिवाय ज्या जागा टाळतो तिथे मुद्दाम जाऊन उभं राहायचं. ग्रुप बी: जुनं काढायचंच नाही. आज घरात काय अडलं, कुणाशी वाजलं, एवढंच बोलायचं आणि तोडगा काढायचा. मी ए, वकार बी.

म्हणजे ही फौजेतल्यासारखी इंटर-कंपनी कॉम्पिटिशन झाली. मॅडम तसं म्हणाल्या नाहीत, पण दोन कंपन्या आणि शेवटी निकाल, याला दुसरं काय म्हणतात? वकारला तसं बोललो. तो म्हणे, गोपालभाऊ, हे काई रस्सीखेच नाई ना. हरणारे असंच बोलतात.

मॅडम प्रत्येकाला विचारतात, आत्ता त्रास किती, शून्य ते शंभर? शंभर म्हणजे सगळ्यात वाईट. मी शून्य सांगितलं. मॅडमनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. इम्प्रेस झाल्या असणार.

२ डिसेंबर
आज घटना सांगितली. सोपं गेलं. मोर्शीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत दर २६ जानेवारीला तीच सांगतो. बर्फातली गस्त, स्फोट, माझा जोडीदार अमोल जखमी, माझ्या मांडीवर त्याचं डोकं, शेवटचा सॅल्यूट आणि जय हिंद. शाळेत बाया डोळ्याला पदर लावतात. मॅडमनी काही लावलं नाही. म्हणाल्या, काका, सांगता फार छान, पण तेव्हा तुमच्या हाताला काय लागत होतं? म्हटलं, हातमोजे.

रेकॉर्डिंग घरी ऐकायचं होतं. शकुनचा मिक्सर चालू होता. उद्यापासून नक्की.

१६ डिसेंबर
होमवर्क: इतवारा बाजारात ऐन गर्दीत उभं राहायचं, जीव शांत होईपर्यंत निघायचं नाही. गेलो. बाजाराच्या तोंडाशी चहा घेतला आणि गर्दी लांबून पाहिली. लांबून ती जास्त नीट दिसते. मॅडमना दहा सांगितलं. दर वेळी शून्य बरं दिसत नाही.

वकारचा आकडा चक्क वाढला. ग्रुप बी घसरतोय. त्यांचा उपचार तरी काय, शेजारच्या पोराच्या बुलेटचा सायलेन्सर फटफटतो, त्याला कसं सांगायचं. वकारने सरळ सांगितलं म्हणे, बाबू, मले या आवाजाचा त्रास होते. पोरगा म्हणे, चाचा, पयले नाई का सांगाचं? दुसऱ्या दिवशी सायलेन्सर बदलला. आवाज गेला हे ठीक, पण फौजी माणसाने पोरासोरांपुढे असं बोलायचं? मी मेलो तरी बोलणार नाही.

६ जानेवारी
कंटाळा आलाय. सकाळी उठतो तोच थकलेला. शकुनने अंथरूण वेगळं केलं. म्हणे, झोपेत तुमचा हात लागते, तुमाले मालूम नाई रायत. पलंग अरुंद आहे, दुसरं काय. नवीन बघू, लग्न झाल्यावर.

मॅडमनी विचारलं, रेकॉर्डिंग ऐकता ना? ऐकतो म्हटलं. ऐकलं नाही, पण पाठ आहे, म्हणजे ऐकल्यातच जमा. आकडा पाच. ग्रुप ए आघाडीवर.

१९ जानेवारी, अकोला
व्याह्यांकडे लग्नाची बोलणी. देवीदासजी फार सभ्य माणूस. सगळं ठरल्यावर खाली मान घालून म्हणाले, साहेब, साखरपुड्याले तुमची तब्येत बरी नव्हती म्हनते. वरातीत फटाके नाई ठेवले तं चालते. अश्विनलेई त्याची हौस नाई.

होणाऱ्या जावयाला, अश्विनला, दामिनीने सांगितलं असणार. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ग्रुप एचा अव्वल गडी, पाचावर आलेला. म्हटलं, फौजीच्या दारी वरात येणार आणि मुकी? काही कमी करू नका, फोडा हवे तेवढे. देवीदासजींनी दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं.

परतीच्या बसमध्ये बडनेरा आलं तेव्हा शकुन म्हणाली, काहून असे करता तुमी? उत्तर सुचलं होतं, पण ती खिडकीकडे बघत होती.

२६ जानेवारी
शाळेत भाषण केलं. यंदा हेडमास्तरांनी अमोलच्या आईला, माणिकबाईंनाही बोलावलं होतं. पहिल्या रांगेत बसल्या होत्या. जय हिंदपाशी माझा घसा बसला, दोनदा म्हणावं लागलं. रात्री दही खाल्लं होतं.

नंतर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, बापू, त्याले थंडी लय वाजे. म्या पाठवलेलं स्वेटर पोचलं होतं काय त्याले? म्हटलं, पोचलं होतं, अंगातच होतं. मला माहीत नाही पोचलं होतं की नाही.

पुढच्या वर्षी भाषणाला दुसरा कोणीतरी बघा म्हणावं. मला बागेची कामं असतात.

३ फेब्रुवारी
माझे आकडे सबंध अभ्यासात सगळ्यात चांगले आहेत, असं मॅडमच म्हणाल्या. म्हणताना हसल्या मात्र नाहीत. काकूंना एकदा घेऊन या म्हणाल्या. शकुनला लग्नातून सवड नाही, असं कळवलं. तुम्हीच लग्नाला या, निकाल डोळ्यांनी बघा, असं आग्रहाने सांगितलं. वकारलाही बोलावलंय. हरलेल्या टीमशी आपण कधी वाकडं वागलो नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळ
तयार आहे. फेटा उत्तम बसला. कानात अत्तराचे फाये घातलेत, जरा मोठे. लग्नात लोक घालतातच. दामिनीने येऊन बघितलं, फेट्याचा शेपटा सरळ केला आणि गेली. वरात अकराला. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

१८ फेब्रुवारी
परवा संध्याकाळी लिहिलं नाही. काल पण नाही.

पहिली लड वाजली तेव्हा मी गेटवर होतो. याला साक्षीदार आहेत. सुतळी बॉम्बनंतरचं साक्षीदार जे सांगतात, ते मला आठवत नाही. देवीदासजी हार घालून घ्यायला पुढे आले होते. मी त्यांना आडवं पाडलं आणि त्यांच्या अंगावर पडून राहिलो, खाली राहा, खाली राहा असं ओरडत. बँड थांबला. मग म्हणे मीच उठलो आणि चालू लागलो.

मंगल कार्यालयामागे केटररचा टेम्पो होता. कांद्याच्या पोत्यांत मला वकारने शोधलं. दार ओढून घेतलं, शेजारच्या पोत्यावर बसला आणि दुकानातलं बोलत राहिला. कोणाची मोटर जळाली, कोण उधारी बुडवते. मला काही विचारलं नाही. मंगलाष्टकं तिथून ऐकू आली. कन्यादान शकुनच्या भावाने केलं.

पाठवणीच्या वेळी दामिनी टेम्पोपाशी आली. मला वाटलं रडेल. म्हणाली, बाबा, त्यायनं इचारलं होतं ना तुमाले. फटाक्याले नाई म्हनाचं होतं फक्त. मला फार शरम वाटली. ती गेली.

देवीदासजींचं कोपर सोललं. जाताना शकुनला म्हणाले, साहेबानं मले वाचवाले पाहिलं ना, वयनी. त्यांना राग यायला हवा होता, म्हणजे मला सोपं गेलं असतं.

२४ फेब्रुवारी
मॅडम लग्नात होत्या, त्यामुळे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, त्रास किती? म्हटलं, शंभर. आधीचे आकडे खोटे होते म्हटलं. म्हणाल्या, वाटत होतं. ग्रुपचं काय होणार, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, काका, ते माझं काम, मी खरं ते लिहीन.

मग डोळे मिटायला सांगितलं. अमोल जय हिंद म्हणाला नाही. सॅल्यूट केला नाही. तो म्हणत होता, गोपाल, मले थंडी वाजून राहिली. तेवढंच म्हणत होता, खूप वेळ. माझ्या अंगावरचं होतं नव्हतं ते सगळं त्याच्यावर घातलं, तरी म्हणत होता. मग थांबला. हाताला काय लागत होतं तेही सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

शेवटी आकडा पुन्हा विचारला. पंच्याण्णव. मॅडम म्हणाल्या, आता सुरुवात झाली. मग नोव्हेंबरपासून काय चाललं होतं, हे विचारायचं त्राण नव्हतं. वकार बाहेर बाकावर थांबला होता. त्याने चहा पाजला.

२ मार्च
अकोल्याहून दामिनीचा फोन. इतक्या दिवसांत पहिला. आईशीच बोलेल असं वाटलं होतं, तिने मला मागितलं. म्हणे, उद्या मॅडमकडे मी येऊ का तुमच्या संगं?

काही गरज नाही, मी एकदम फिट आहे, असं तोंडाशी आलं होतं. म्हटलं, ये.

सकाळच्या बसने निघेल. मी स्टँडवर घ्यायला येतो, असं म्हणणार होतो. तिथे गर्दी असते, भोंगे असतात. मग म्हटलं, ऑटो करून ये.