पपईच्या लोणच्याला मिळालेलं पहिलं गिऱ्हाईक

ती. इलिसापेताताईस,

धाकट्या सिएनीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि तिकडची थंडी ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील असं धरून चालते. इकडे आई ठणठणीत आहे. एक्क्याऐंशी वर्षांची झाली तरी चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी गायला सुरुवात करते आणि सगळ्यांच्या नंतर थांबते. ताई, हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. जवळ पाणी ठेव आणि भावोजींना काहीतरी आणायला बाहेर पाठव.

आधी लोणच्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दवाखान्यातल्या फिजीच्या नर्सबाईनं मला हिरव्या पपईचं तिखट लोणचं शिकवलं, हे तुला मागे कळवलंच होतं. ते विकावं असं मनात आलं, म्हणून मी आपिया शहरात बायकांसाठी तीन दिवसांचा धंद्याचा वर्ग होता, तिथे नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंनी एकच गोष्ट डोक्यात हातोड्यानं ठोकली : आधी बाजाराची चाचणी घ्या. नातेवाइकांना विचारू नका, ते गोडच बोलणार. अनोळखी माणसानं चव घेऊन स्वतःच्या खिशातून पैसे काढले, तरच तो तुमचा बाजार. त्यासाठी त्यांनी छापील फॉर्मही दिले. (बाई परदेशातून आलेल्या होत्या. आपल्या बेटावर अनोळखी माणूस कुठे मिळतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.)

गावात मी आठ बरण्या चाखायला दिल्या. आठही रिकाम्या झाल्या, आणि बरण्यासुद्धा परत आल्या नाहीत. किती पैसे द्याल, असं फॉर्ममधून वाचून विचारलं, तर मोआनाआत्या चुलीपासून उठलीच. "भाचीच्या लोणच्याचे पैसे? मी मेले की काय?" असं म्हणून तिनं मला केळ्यांचा अख्खा घड दिला आणि आणखी दोन बरण्या उचलल्या. पाळकसाहेबांनी तर प्रवचनात लोणच्याचं नाव घेतलं. मी लाजून खाली पाहिलं. पण आता दर रविवारी त्यांच्या जेवणाबरोबर एक बरणी फुकट पाठवावी लागते. देवाच्या दारी नाव निघालं की हेच होतं.

मग मी बसनं आपियाच्या बाजारात गेले. तिथे फुलांची टोपी घातलेली एक बाई होती, जन्मात कधी पाहिलेली नाही. तिनं चमचा चाटला, डोळे मिटले, पाकिटात हात घातला. मी सुटे पैसे मोजायला घेतले. तेवढ्यात तिनं विचारलं, "बाळ, तुझी आजी कुठली गं?" मी मूर्खासारखं खरं सांगितलं. दोन वाक्यांत ती आईची मावसबहीण निघाली, तिचा हात पाकिटातून बाहेर आला आणि माझ्या गळ्यात पडला. बरणी गेली. असं त्या दिवशी पाच वेळा झालं. सहाव्या गिऱ्हाइकाला मी आजी नाहीच म्हणून सांगितलं, तर त्यानं "अरेरे" म्हणून आपणच मला भाजलेला टारोचा कंद दिला.

म्हणून, ताई, शेवटचा उपाय म्हणून मी बोटीनं पलीकडे सवाई बेटावर जायचं ठरवलं. तिथे आपलं कोण आहे? कोणी नाही. असं मला वाटत होतं.

सालेलोलोंगाच्या धक्क्याला बोट लागली. लोक उतरायला लागले तशी मी कठड्यापाशी बरणी उघडून उभी राहिले. धक्क्यावरून सामान चढवायला आलेला एक चाळिशीचा माणूस थांबला. चमचाभर खाल्लं, विचार केला आणि म्हणाला, "मीठ जरा जास्त झालंय." ताई, तीन आठवड्यांत मला खरं बोलणारं हे पहिलं माणूस! वर त्यानं म्हटलं, "पण द्या एक," आणि खिशातून दहा तालाची नोट काढली. मला रडू यायचंच बाकी होतं. मी घाईघाईनं फॉर्म काढला. नाव? म्हणाला, पेनिआमिना. वय? चव्वेचाळीस. वडिलांचं नाव? तो माझ्याकडे नीट बघून म्हणाला, इओसेफो.

इओसेफो काय, आपल्या बाबांसारखे जगात शंभर असतील. मी लिहिलं. आता वडिलांचा व्यवसाय असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, पण माझी जीभ, तुला ठाऊक आहे. मी विचारलं, काय करायचे? "याच बोटीवर होते. दोर टाकायचे. दोरातच त्यांची डाव्या हाताची करंगळी गेली."

मी कठडा घट्ट धरला. बोट हलतेय, असं मी आजूबाजूच्या लोकांना सांगितलं. बोट धक्क्याला बांधलेली होती. आणि तो माणूस माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "तुम्ही सिएनी ना? त्यांच्याकडे तुम्हा दोघींचा फोटो होता."

चव्वेचाळीस, ताई! मी सत्तेचाळीस. म्हणजे मी अंगणात कोंबड्यांमागे धावत होते तेव्हा! आठवड्यातले तीन दिवस बोट पलीकडे अडकायची, समुद्र खवळलाय म्हणायचे बाबा. आता आठवतं, अंगणात माडाचं पानसुद्धा हलत नसायचं. तू घरात मोठी, तुला तरी शंका यायला हवी होती.

खरा धक्का अजून पुढेच आहे. अकरा वर्षांपूर्वी बाबांच्या मयताला तो आला होता. मयताला द्यायची, आईनं विणलेली बारीक विणीची चटई घेऊन आला होता, आणि कोणी विचारू नये म्हणून ती दुसऱ्याच्या नावानं दिली. (त्याच्या आईनं. आपल्या नव्हे.) मागे काळ्या शर्टात उभा होता. तू त्याला मंडपवाल्याचा गडी समजलीस आणि साठ खुर्च्या उचलायला लावल्यास! त्यानं उचलल्या. म्हणाला, "ताई ओरडत होत्या, पण मला बरंच वाटलं. त्या दिवशी मला कोणीतरी काम सांगितलं."  मी त्याची नोट परत करायला गेले, आता घरचा माणूस, घरच्याकडून कसे घेणार? तर त्यानं माझी मूठ मिटली आणि म्हणाला, "आधी ठरवा, मी भाऊ की गिऱ्हाईक? एवढी वर्षं काहीच नव्हतो, आज दोन्ही चालेल मला."

मी नोट ठेवून घेतली आणि त्याला उरलेल्या चारही बरण्या दिल्या. फॉर्ममधला शेवटचा रकाना होता : विक्रेत्याशी नातं. तो मी कोराच ठेवला. वर्गाच्या बाईंनी फॉर्म अपुरा म्हणून बाद केला.

तुझी,
सिएनी

ता. क. : लोणच्याचं जाऊ दे. मुद्दा असा की, हे आईला सांगायला हवं आणि माझी छाती नाही. तू मोठी आहेस, खुर्च्याही तूच उचलायला लावल्यास. नाताळला ये आणि तूच सांग. मी त्या वेळी नेमकी कुठेतरी बाहेर गेलेली असेन.

ता. क. २ : येऊ नकोस. म्हणजे ये, पण सांगायला नको. मी पाकिटावर लावायला तिकीट शोधत होते तेवढ्यात आईनं पत्र उचललं, चष्मा लावला आणि सगळं वाचून काढलं. मी दाराला धरून उभी. तिनं पत्र घडी घालून ठेवलं आणि विचारलं, "हा कुठला? सालेलोलोंगाचा की आसाऊचा?"

ताई, आसाऊचा! त्या बेटाच्या पार दुसऱ्या टोकाचा!

मी कसंबसं सालेलोलोंगाचा म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "मग जेवायला बोलाव त्याला. पोरगा गरीब आहे. आसाऊचा आला तर मात्र दुप्पट पैसे घे, त्याची आई चर्चमध्ये बेसूर गाते."