माझं नखुरडं

मद्रास, १९५९. मंगळवार, संध्याकाळ.

आज वॉर्डातलं तिसरं बाळ गेलं. तेही अपुऱ्या दिवसांचं. रक्तातले जंतू पेनिसिलिनला दादच देईनात. मी आया कण्णम्मावर तुटून पडले. 'हात न धुता बाळांना शिवतेस!' म्हणत अशी थोबाडीत दिली की तिचा ओठ फुटला आणि माझ्या बोटाचं नखुरडं ठणकलं.

चार वाजता तपासणीचा कागद आला. आम्हा सगळ्यांचे हात तपासले होते. बाळाच्या रक्तातला जंतू सापडला तो या नखुरड्यात! चिंधी गुंडाळून आठवडाभर सुया देत होते. मी! नर्स म्हणवते स्वतःला? बोट छाटून टाकावंसं वाटलं.

फाटकाशी कण्णम्मा उभी. ओठ सुजलेला, हातात भोक पाडलेलं लिंबू. "सिस्टरम्मा, यात बोट खुपसा. ठणका उतरेल."

खरं सांगायला माझं तोंड उघडलं नाही. लिंबात बोट खुपसलंय. झोंबतंय. झोंबू दे.