खटका शून्य

१४ मे, रविवार
यंत्र तयार झालं. म्हणजे माझाच लॅपटॉप, एक बरा माइक आणि तीन महिने शाळा सुटल्यावर बसून लिहिलेला प्रोग्राम. दोन-तीन सूर एकदम वाजवले की ते एकमेकांशी किती भांडतात त्याला शंभरपैकी आकडा देतो. आकड्याचं नाव मी 'खटका' ठेवलंय. कमी खटका, गोड मेळ. हिरवं म्हणजे उत्तम, लाल म्हणजे बेसूर.
शाळेच्या पियानोची कॉर्ड: १२. आमच्या फ्रिजची घरघर: ४. रासमिनी म्हणाली, मग यंदा देवळात फ्रिजच नेऊन ठेवा ब्ली. आमच्या बेटावर बायका नवऱ्याला ब्ली, म्हणजे दादा, म्हणतात. बायकोला विज्ञानाचं वावडं आहे.

१६ मे
गावच्या गमेलानच्या, म्हणजे देवळातल्या वाद्यवृंदाच्या, कांस्यवाद्यांची मोजणी. खटका ७१. लालभडक. पाच पिढ्या आपण हे देवाला ऐकवतोय आणि देव बिचारा ऐकून घेतोय.
कारण लगेच सापडलं. आमची पट्ट्यांची वाद्यं जोडीनं असतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित उतरवलेलं असतं. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो. गाव त्याला लाट म्हणतं. लाट नसेल तर वाद्यात जीव नाही, असं मीही लहानपणापासून ऐकलंय. ऐकलं म्हणून खरं होत नाही.

१९ मे
उत्सव ७ जूनपासून तीन दिवस. त्यानंतर पुढची जागा कोणाला, ते ठरणार. पुढच्या वाद्यावर बसतो तो सगळ्यांना इशारा देतो. सध्या तिथे मेहुणा केतुत आहे. सहावीत गणितात दोनदा नापास. मी फिजिक्सचा मास्तर, एकोणीस वर्षं मागच्या रांगेत. याहून खालची जागा फक्त झांजांची. तिथे ज्याला काहीच येत नाही त्याला बसवतात.
संकल्प: खटका शून्य. मग पुढची जागा आपोआप.

२३ मे
गावाचे पेकाक, म्हणजे आजोबा, लंद्रांना आकडे दाखवले. वय ऐंशीच्या पुढे, वाद्यं त्यांच्याच हातानं सुरात लावलेली. डोळे बारीक करून विचारलं, ७१ म्हणजे ताप आहे का रे? मग म्हणाले, बाळा गेदे, लाट काढलीस तर देव कशावर बसून येणार? फिजिक्समध्ये या वाहनाचा धडा नाही.
सरळ 'नाही' मात्र म्हणाले नाहीत. आमच्याकडे मोठी माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी होकार धरला.

३ जून, शनिवार
आज धातूच्या अवजारांची पूजा. लोकांनी मोटरसायकली धुऊन फुलं वाहिली. मी लॅपटॉपला आणि कानशीला वाहिली. अंधश्रद्धा नव्हे, परंपरेचा मान. बॅटरी जुनी आहे म्हणून तिला दोन उदबत्त्या जादा.
शेवटची तालीम काल झाली. वाद्यांच्या मंडपाची किल्ली माझ्याकडेच असते. रासमिनी म्हणाली, आज अवजारांना सुट्टी असते हो. म्हटलं, कानशीला वार कळत नाहीत.
पट्टीची टोकं घासली की सूर चढतो. दुपारभर घासून जोड्यांतले खालचे सूर वरच्यांना तंतोतंत मिळवले. खटका ३. फ्रिजला मागे टाकलं.

८ जून, सकाळ
काल उत्सवाचा पहिला दिवस. यंत्र हिरवंगार. लोक गप्प. मला वाटलं भारावले. केतुतनं तीनदा वाजवणं थांबवून पट्ट्या हलवून पाहिल्या. मागून कोणीतरी विचारलं, पत्र्याचे डबे का बडवताय?
म्हातारी सेंपोल. पहिल्या ठोक्याला तिच्या अंगात येतं, चाळीस वर्षांचा नेम. काल ती शेंगदाणे खात बसली. मग जांभई दिली. मग शुद्धीत, आपल्या पायांनी घरी गेली. तिची लेक रडत होती. पुजारी म्हणाले, देव दारातच थांबलाय. माझ्या मते दोष सेंपोलच्या वयाचा.
रासमिनी धड बोलत नाही. ताट फ्रिजजवळ ठेवलं आणि म्हणाली, जेवा त्याच्याबरोबर.

८ जून, संध्याकाळ
पेकाकनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मान वर करवत नव्हती. पट्ट्या उलट्या करून मधोमध घासायला बसले, म्हणजे सूर पुन्हा उतरतो. म्हणाले, माझे कान शाबूत आहेत, पण तुझाही हात लागू दे. तो तुझा आकड्यांचा डबा आण. आकडा वाढला की सांग.
दिवसभर मी सांगत होतो: चाळीस. पंचावन्न. लाल. प्रत्येक लालला पेकाक म्हणायचे, शाबास. थोडक्यात, माझ्या यंत्राशिवाय गावाचं भागलं नाही.

१० जून
काल उत्सवाचा शेवट. खटका ७४, पहिल्यापेक्षा तीन जास्त. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. पहिला ठोका पडला. लाट आली. अंगावर काटा. सेंपोल डोलायला लागली. नीट निरीक्षण करावं म्हणून मी डोळे मिटले.
त्यानंतरची नोंद उपलब्ध नाही.
रासमिनीच्या म्हणण्यानुसार मी लॅपटॉप भिरकावला, पेकाकच्या पायांवर लोळलो, सेंपोलबरोबर नाचलो आणि खायला कोंबडीचं जिवंत पिल्लू मागितलं. चौघांनी धरून तीर्थ शिंपडलं. दहावीचा अर्धा वर्ग हजर होता.
कारण उघड आहे. उकाडा आणि रिकामं पोट. तीनदा जेवलो होतो, पण थोडं थोडं.

१२ जून
बैठक झाली. पुढची जागा केतुतकडेच. मंडपाची किल्लीसुद्धा. मला झांजा. पेकाक म्हणाले, गेदेला असं काहीतरी द्या जे घासून बिघडत नाही. सगळे हसले. रासमिनीही हसली, पाच दिवसांनी. बरं वाटलं. त्याचा आकडा काढला नाही.
घरी येऊन झांजांचा खटका मोजायला बसलो. लॅपटॉप चालू होत नाही.
उदबत्ती लावून पाहिली.