सात देवांचा नंबर

प्रिय दीपाली,

हातात फोन असताना यायाने पत्र कशाला लिहिलं, म्हणून हसशील. हस. माझं अक्षर आश्रमशाळेत होतं तसंच वेडंवाकडं आहे, तेव्हा निवांत बस आणि एकटीने वाच.

इकडे सगळं बरं आहे. धान घरात आलं. तुझ्या बाबांचा गुडघा दुखतो, पण मोहाच्या झाडाखालच्या गप्पा काही सुटत नाहीत.

परवा अहेरीच्या बाजारात माझी चांगलीच फजिती झाली. तेलाचे पैसे फोनवरून द्यायला गेले आणि पिनच आठवेना. दिवाळीत तू म्हणाली होतीस, जन्मतारीख नको, कोणी ओळखणार नाही असा नंबर घे. मग दोघींनी डोकं लढवून काढला: सासरचे सात देव, माहेरचे सहा, दोन्ही दोनदा. केवढी हुशारी वाटली होती आपल्याला! तर मागे उभी असलेली शेजारची मंगली म्हणते, "घुटमळून काऊन राह्यली बाई? सासरचे सात, माहेरचे सहा. दाब नं. माह्याबी तसाच हाय." दाबला, आणि पैसे गेले. दुकानदारासकट सगळे हसले, मीही हसले. आपल्या गोंडांत सोयरीकच कुळाच्या देवांची संख्या बघून जुळते. कोणाचे किती देव, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि आपण तेच लपवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पिन बदलला. तिथल्या मुलीने कसं करायचं ते दाखवलं आणि मी आकडे दाबताना स्वतः तोंड फिरवून उभी राहिली. मला ते फार आवडलं. नवा नंबर तुलाही सांगणार नाही, विचारू नकोस.

पण घरी येऊन चुलीपाशी बसले आणि तू आठवलीस. तुझाही पिन तसाच आहे ना? आपले सात, पवनच्या घरचे चार. नवऱ्याला तो वेगळा सांगावा लागतो थोडाच. मागच्या महिन्यात तू येणार होतीस, तिकिटाला पैसे नाहीत म्हणून राहिलीस. पगार तर झाला होता, आणि एसटीत बाईला अर्धंच तिकीट लागतं. मग गेल्या आठवड्यात तुझ्या फोनवरून मेसेज आला: 'आई, मला सुट्टी नाही. सारखा फोन करू नको.' दीपाली, बोलायला लागलीस तेव्हापासून तू मला याया म्हणतेस. आई कधीच म्हटलं नाहीस.

जावयाला मी वाईट म्हणत नाही. चार माणसांत बसून बोलायची वेळ आली तर तुझे बाबा आणि मी येऊ. पण तुझी कमाई तुझ्या हातात नाही, याची मला भीती वाटते.

फोनवर लिहिलं असतं तर तुझ्याआधी त्यानेच वाचलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही घरी नाही, तू काम करतेस त्या दवाखान्याच्या पत्त्यावर. पुढचा पगार व्हायच्या आत पिन बदल, देवांना त्यात आणू नकोस. बदललास की मेसेज कर. जेवलीस का, एवढंच विचारलंस तरी चालेल. फक्त सुरुवातीला 'याया' लिही, म्हणजे तूच आहेस हे मला कळेल.

तुझीच,
याया