अकरा घरांची हिरवळ

४ एप्रिल, शुक्रवार

आपांनी, माझ्या वडिलांनी, हो म्हटलं! म्हणजे नेमकं हो नाही. कोंबडीच्या रश्श्यात मक्याची टॉर्टिया बुडवत म्हणाले, "लाव. पण गिऱ्हाइकांशी बोलणार तू." एवढं पुरे.

पाणी मंडळात मला आठ महिने झाले. सप्टेंबरअखेर करार संपतो. तोवर ग्लेनिसला – माझी साहेब – चाळीस घरांचे आकडे हवेत. तुषारांचा जुना टायमर काढायचा, हवामान बघून आपोआप पाणी सोडणारा नवा कंट्रोलर लावायचा आणि उन्हाळ्यात हिरवळीचं पाणी किती वाचतं ते मोजायचं. आकडे चांगले आले तर आमच्या दक्षिण भागातल्या चारशे घरांना हे यंत्र फुकट मिळेल.

आत्ताही या यंत्राच्या खर्चाचा परतावा मिळतो. पण आधी खिशातून दोनशे डॉलर घाला, मग पावती जोडा, जुन्या टायमरचा फोटो काढा, इंग्रजीत अर्ज भरा, दोन महिने वाट बघा. आमच्या गल्लीत कोण करतं हे? टेकडीवरचे करतात. म्हणजे पाणी वाचवण्याचं बक्षीस आजवर ज्यांच्या अंगणात पोहण्याचा तलाव आहे त्यांनाच मिळालं. हे मला बदलायचं आहे. (भाषण झालं जरा. असो.)

एकोणतीस घरं मिळाली होती. उरलेली अकरा आपांची. बावीस वर्षं ते टेकडीवरच्या हिरवळी कापतात, पाण्याचे टायमरही तेच बघतात.

१२ एप्रिल, शनिवार

पाच घरं झाली. आपांनी भिंतीवरचे जुने टायमर उतरवले, मी फोनवर नवे जोडले.

"हा डबा आभाळाशी बोलतो?"

"हवामान केंद्राशी बोलतो, आपा."

"ते कुठे आहे?"

"विमानतळावर."

"तिथे गवत आहे का?"

मी हसले. ते हसले नाहीत, तारा लावत राहिले.

यंत्र प्रश्न विचारतं – माती कसली, उतार किती, ऊन किती तास. मी वाचत होते, आपा उत्तरं देत होते. प्रत्येक उत्तराच्या शेवटी "पण ते बघावं लागतं" असायचं. तो पर्याय यादीत नव्हता.

मिसेस लिंडल, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई, दारातच म्हणाल्या, "तू कॉलेजवाली ना? तेयोने सांगून सांगून माझ्या कुत्र्यालाही पाठ झालंय." आपांनी – तेयो त्यांचंच नाव – लगेच पाइपांमध्ये डोकं घातलं.

३ मे, शनिवार

रोज तीनदा मीटरचे आकडे उघडते. दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तसं. अजून काही कळण्यासारखं नाही.

१२ जून, गुरुवार

आले आकडे.

एकोणतीस घरं – गेल्या वर्षीपेक्षा चोवीस टक्के कमी पाणी. अगदी माहितीपत्रकात छापतात तसं. आपांची अकरा घरं – एकतीस टक्के जास्त. जास्त! मी बेरीज तीनदा तपासली. मग मीटरचे क्रमांक तपासले. मग उगाच जिना चढून-उतरून आले.

घरी आले तर आपा स्वयंपाकघरात अमाला, माझ्या आईला, सांगत होते. बॅबकॉक – त्या अकरा गिऱ्हाइकांतला सर्वांत मोठ्या आवाजाचा – त्यांना म्हणाला होता, "तेयो, यंत्र तुझ्या मुलीचं असेल, बिल माझं आहे. पुढचं बिल असंच आलं तर मी दुसरा माळी बघतो."

मला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. जेवताना अमाने माझ्या ताटात जास्तीचा राजमा वाढला, यावरून काय ते समजले.

१४ जून, शनिवार

पहाटे पाचला आपांच्या ट्रकमधून गेले. म्हटलं, तुम्ही पूर्वी पाणी कसं ठरवायचात ते दाखवा.

ते हिरवळीवरून वीस पावलं चालले. वळून उभे राहिले. दबलेलं गवत हळूहळू उठलं. "उठलं. आज नको." दुसऱ्या घरी पावलांचे ठसे तसेच राहिले. "इथे दे. पण फक्त या कडेला." तिसऱ्या घरी टाचेने माती उकरली आणि मान हलवली. दर आठवड्याला अकरा घरी ते हेच करत आणि टायमरची मिनिटं बदलत. मला वाटायचं, ते फक्त गवत कापतात.

म्हणजे असं आहे. यंत्र गवताला पिता येईल तेवढं पाणी देतं. आपा जगायला लागेल तेवढंच देतात. बाकीच्या एकोणतीस घरांत लोक टायमर लावून विसरून गेले होते, कुणी सहा वर्षांपूर्वी, कुणी घर घेतलं तेव्हा. तिथे यंत्राने उधळपट्टी थांबवली. इथे माणूस आधीच हात राखून होता आणि आम्ही यंत्र नेऊन नळ मोकळा केला.

"आपा, आधी का नाही सांगितलंत?"

"तू माती कसली ते विचारलंस. पाणी किती देतो ते कुठे विचारलंस?"

बरोबर आहे.

यंत्रात एक सोय आहे – हिशेबाने जितकं पाणी येतं त्याचे काही टक्केच सोडायचे. मी अकराही घरी ते सत्तरवर आणलं. हे आधीच सुचायला हवं होतं.

१८ जून, बुधवार

ग्लेनिस म्हणाली, "ती अकरा घरं काढून टाक. ती वेगळी आहेत."

मी म्हटलं, वेगळी आहेत म्हणूनच ठेवायला हवीत. आमच्या भागातही लोक बिलाच्या धास्तीने आधीच हात आखडून पाणी घालतात. तिथे असंच झालं तर?

"नायेली, संचालक फक्त एकच आकडा बघतात. मी तुझ्याच कराराचं बोलतेय."

"माहीत आहे."

"मग?"

"सत्तरवर आणलंय. जुलैचे आकडे येऊ देत."

तिने खांदे उडवले. मी जागेवर येऊन बसले आणि पेनचं टोपण चावून चावून चपटं केलं.

११ जुलै, शुक्रवार

उष्णतेची लाट, आठवा दिवस. टेकडीकडे बघवत नाही. त्या अकरा घरांचं गवत वाळलं तर आपांची कामं जाणार. नाही वाळलं आणि पाणी वाढलं तर चारशे घरं जाणार. अमा म्हणते, "तो फोन खाली ठेव, तुझ्या बघण्याने मीटर थांबत नाही."

७ ऑगस्ट, गुरुवार

खाली आलं! अकरा घरं गेल्या वर्षीपेक्षा चार टक्के खाली! आणि गवत हिरवं. बॅबकॉकही गप्प आहे.

म्हणजे यंत्र आपांइतकं शहाणं होऊ शकतं. फक्त त्याचा हात आवरायला हवा. मी धावत घरी जाऊन आपांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितला. "छान," म्हणाले. "तू खूश आहेस ना?" मी त्यांना मिठीच मारली. अंगाला गवताचा आणि पेट्रोलचा वास.

२० ऑगस्ट, बुधवार

संचालकांची सभा. चाळीसही घरं मांडली, एकही लपवलं नाही. जूनची चूकही सांगितली.

एका वयस्कर संचालकाने नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "दक्षिण भागातले लोक मुळातच कमी पाणी घालतात. यंत्राने त्यांची बिलं वाढणार नाहीत कशावरून?"

मी अकरा घरांचे आकडे पुढे केले. म्हटलं, ही घरंही मुळात कमी पाणी घालणारी. सत्तर टक्क्यांवर ठेवलं आणि वाढ थांबली. हे मी माझ्या वडिलांकडून शिकले, ते मागे बसलेत. सगळे वळून बघायला लागले. आपा हातातली टोपी फिरवत खाली बघत होते. लाजले.

पाचही संचालकांचे हात वर. चारशे यंत्रं, सत्तरवर लावून. सोमवारी दहाला ऑर्डर जाणार, पुढच्या महिन्यात आमच्याच गल्लीपासून सुरुवात. ऑक्टोबरपासून मी कायम. ग्लेनिस बाहेर आल्यावर म्हणाली, "हट्टी आहेस." तिच्या तोंडून हे कौतुकच.

कॉलेजचं प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशीही एवढं बरं वाटलं नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

मिसेस लिंडलनी नवा फोन घेतला, कंट्रोलर त्यावर जोडून द्यायला बोलावलं. पडद्यावर होतं – हवामानानुसार पाणी: बंद, १७ जूनपासून. त्याखाली मिनिटं. दर आठवड्याला बदललेली.

घरी येऊन विचारलं. "किती घरी?"

"अकराही," आपा म्हणाले. "तू सत्तर केलंस, तरी त्या मंगळवारी मातीचा चिखल होता. मग मी माझी मिनिटं घातली."

"सांगितलं का नाहीत?"

"तू तो कागद घेऊन आलीस तेव्हा सांगणार होतो. मग सभेत उठणार होतो. इंग्रजी जुळवेपर्यंत त्यांचे हात वर झाले होते."

म्हणजे ते चार टक्के यंत्राचे नव्हतेच, आपांचे होते. ऑर्डर उद्या दहाला जाते. ग्लेनिस आठला येते. मी साडेसातला दारात असेन. आपा म्हणाले, मीही येतो. मी नको म्हटलं नाही.