न सांगता घेतलेली परीक्षा

बेंगळुरू, २४ ऑक्टोबर २०१८

।। श्री ।।

चि. सौ. पुट्टीस शेषगिरी अण्णाचे अनेक आशीर्वाद. इकडे क्षेम, तिकडचे क्षेम लिहीत जावे.

चौतीस वर्षं संगणकात घालवलेला माणूस अजून टपालाची पाकिटं कशाला चिकटवतो, असं तू विचारलंस. अगं, म्हणूनच तर! ज्याने आतलं स्वयंपाकघर पाहिलंय तो त्या हॉटेलात जेवत नाही. चिरंजीव श्रीकरने डॅलसहून एक बोलणारी डबी पाठवली आहे. हवामान विचारलं की सांगते. मी खिडकी उघडून बघतो. डबी सध्या तांदळाच्या पिंपात आहे. शेजारचे नागभूषण तिच्याशी इतक्या अदबीने बोलतात, की बायकोशी जन्मात बोलले नसतील.

पेपरात रोज येतं, यंत्रं आता माणसासारखा विचार करणार. माणसं कुठे करतात? परवा वरच्या मजल्यावरचा इंजिनियर तासभर लिफ्टमध्ये अडकला. आत बसून फोनवर शोधत होता, अडकल्यावर काय करावं. घंटेचं बटण कानाशी होतं. याला महिन्याला दीड लाख देतात!

या पोरांना माझ्या हाताखाली ठेवायला हवं होतं. वर्षातून एकदा, कोणालाही न सांगता, मी महामंडळातल्या संगणकांचा मुख्य खटका ओढायचो आणि कोण किती वेळात धावत येतं ते मोजत घड्याळ घेऊन उभा राहायचो. सगळं सुरक्षित आहे असं सगळेच म्हणतात. खरं खोटं खटका ओढल्यावर कळतं. एका वर्षी माझ्या हाताखालच्या रुद्रप्पाच्या मुलीचा साखरपुडा होता, गडी मांडवातून रेशमी धोतरात धावत आला. सतरा मिनिटं उशीर. मी शेरा मारला, दोन वर्षं त्याची बढती अडली. अजून रस्त्यात दिसला की तोंड फिरवतो. फिरवू दे.

आता मुद्द्याचं. अठरा नोव्हेंबरला माझी सत्तरीची शांत आहे. तू यायचंस, सबब चालणार नाही. आईमागे तुला मीच वाढवलं, हे मी कधी बोलून दाखवत नाही. अर्धांगाचे दोन झटके खाऊन पडलेलं तुझं ते जुनं यंत्र दे चार दिवस कोणाच्या तरी ताब्यात. मास्तर काय पळून जाणार आहेत थोडेच!

माया आहे ती तशीच ठेव.

तुझा,
अण्णा

———

शिरसी, ३१ ऑक्टोबर २०१८

।। श्री ।।

ती. अण्णांस कावेरीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, शेवटच्या ओळींना मात्र डोळे भरून आले. अण्णा, जीभ आवरा हो. इंजिनियरला हसा, नागभूषणांना हसा, पण यांना यंत्र म्हणू नका. अर्ध्या शिरसीला चित्रकला शिकवलेला माणूस आहे. आता उजवा हात उचलत नाही, शब्द फुटत नाही, पण समजतं सगळं. तुमची पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. लिफ्टचं ऐकून गालात हसले. शेवटच्या ओळी मी गाळल्या.

शांतीला मला येता येणार नाही. रागावू नका, कारण ऐका. दुसऱ्या झटक्यानंतर त्यांना नीट गिळता येत नाही. मान अमुक इतकी वर धरायची, हनुवटीखाली दोन बोटं ठेवायची, घोट उतरल्याचं बोटांना कळलं की मगच पुढचा चमचा. डॉक्टरांनी बजावलंय, घाई झाली आणि श्वासनलिकेत गेलं तर संपलं. शेजारच्या सुनंदाने एकदा भरवून पाहिलं, निळे पडले होते. माझ्या हातून मात्र वाटीभर पेज जाते. असं जपलं तर वर्ष-दोन वर्षं आरामात काढतील, असं डॉक्टर म्हणतात. मला तेवढी हवी आहेत.

तुमच्यासाठी अप्पेमिडी कैरीचं लोणचं पाठवते आहे. सगळं एकदम संपवू नका, तुमचा रक्तदाब कोणी तपासायचा!

धाकट्या बहिणीवरचा राग दोन दिवसांच्या वर टिकवू नये, ही विनंती.

आपली,
कावेरी

———

बेंगळुरू, ४ डिसेंबर २०१८

।। श्री ।।

चि. सौ. पुट्टीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस ना? रविवारी फाटकातूनच माघारी फिरलीस, घोटभर पाणी घेतलं नाहीस, म्हणून लिहितो. थट्टा थट्टा म्हणून घ्यायला शिक जरा.

माझं म्हणणं सरळ आहे. शांतीला तू नाहीस, श्रीकर नाही. भटजी, नागभूषण आणि मी, अशी तिघांत सत्तरी साजरी झाली. वीस जणांचा बिसीबेळे भात वॉचमनच्या पोरांनी नेला. तेव्हाच वाटलं, उद्या मी मेलो तरी ही मंडळी सबबी लिहीत बसतील. मग म्हटलं, अंदाज कशाला बांधायचा, खटका ओढून बघू. नागभूषण आधी नको नको म्हणत होते. त्यांच्या मुलाच्या नोकरीसाठी मी कुठे शब्द टाकला होता याची आठवण दिली, तसे उठून फोनकडे गेले.

दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी तुला सांगितलं, शेषगिरी गेले. सात पन्नासला तू दारात! नऊ तास पंचेचाळीस मिनिटं. चारशे किलोमीटर, त्यात तुमकूरची ती भिकार कोंडी. वा! घड्याळ घेऊन उभा होतो मी, ऊर भरून आला. श्रीकरलाही तोच निरोप दिला होता, त्याचं ऐक. पाच तासांनी त्याने विचारलं, की देह गुरुवारपर्यंत थंडीत ठेवता येईल का, तेव्हा तिकिटं स्वस्त आहेत. पोटचा पोरगा नापास, बहीण पहिल्या वर्गात पास.

आणि बघ, मास्तरांना सोडून येता येत नाही म्हणत होतीस. आलीस की नाही! येता येतं, मनात असलं की.

पण तू असं बघितलंस माझ्याकडे, की मी हसत पुढे केलेला हात तसाच राहिला. बोलायचं तरी होतंस काहीतरी.

उत्तर पाठव. घरी सगळ्यांना यथायोग्य.

तुझा,
अण्णा

———

बेंगळुरू, १२ डिसेंबर २०१८

।। श्री ।।

चि. सौ. पुट्टीस अनेक आशीर्वाद.

आठ दिवस झाले, उत्तर नाही. पोस्टात विचारून आलो. तिथल्या बाईने यंत्रात बघून सांगितलं, की पाकीट पोचलं. यंत्र म्हणतं म्हणजे खरंच असेल!

रुसवा पुरे झाला. सोबत हिरवं इळकल पाठवतो आहे, हळदीकुंकवाला नेस. नागभूषण माझ्याशी बोलत नाहीत. सकाळची कॉफी मी एकटाच पितो, त्यामुळे पेपर लवकर संपतो. पेपरात तरी काय, मंत्री भांडतात, फोन पातळ होतात, रस्ते खणले जातात. हे सगळं कोणाला वाचून दाखवायचं? तू मास्तरांना वाचून दाखवतेस, तेवढाच माझा एक श्रोता. त्यांना म्हणावं, मेहुणा जिवंत आहे, फार खुश होऊ नका.

चार ओळी तरी लिही. रागाच्या असल्या तरी चालतील.

तुझा,
अण्णा

———

शिरसी, १६ डिसेंबर २०१८

शेषगिरी भट्ट यांस,

वर श्री घातलेला नाही, त्यावरून काय ते समजला असाल. हे गेले. दोन डिसेंबरला, रविवारी, दुपारी साडेचारला.

तुमच्या शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांना पेज भरवत होते. मी चमचा वाटीत ठेवला. त्यांनी डोळ्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, माझा अण्णा गेला. अण्णा, ते रडले. तुम्ही ज्यांना यंत्र म्हणालात ते माझे यजमान तुमच्यासाठी हमसून हमसून रडले. मी म्हटलं, मी जात नाही, तुम्हाला टाकून कशी जाऊ. तर डाव्या हाताने त्यांनी मला ढकललं, जा म्हणून. एकदा नाही, तीनदा. वाटी सुनंदाच्या हातात देऊन मी निघाले. घाईत फोन त्यांच्या उशाशीच राहिला.

दुपारी त्यांनी तोंड उघडलं नाही. चारला सुनंदा घाबरली, उपाशी राहतील म्हणून दोन चमचे पाणी घातलं. ते आत गेलं. वीस वर्षांची पोर आहे, अजून माझ्या पायाशी बसून रडते. तिला मी एका शब्दाने बोलले नाही, तिचं काही चुकलेलं नाही.

मी तुमच्या फाटकाशी उभी होते तेव्हा त्यांना जाऊन तीन तास वीस मिनिटं झाली होती. तुम्हाला मोजायची हौस आहे म्हणून लिहिते. मला हे सोमवारी सकाळी अंगणातली माणसं बघून कळलं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घड्याळ धरून हसत उभे असलेले तुम्ही दिसलात, तेव्हा पहिल्या क्षणी मला आनंद झाला होता. माझा अण्णा आहे, एवढंच मनात आलं. त्या क्षणाची मला आता शिसारी येते. मरेपर्यंत येईल.

तुमचं चार तारखेचं पाकीट सुतकात आलं. त्यावर तुम्ही सौ. लिहिलं होतंत. पोस्टमनने ते माझ्या हातात न देता पायरीवर ठेवलं आणि मान खाली घालून गेला. काल दुसरं आलं, त्यावरही सौ.

इथे सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे, की बाईचा भाऊ आणि नवरा एकाच दिवशी गेले. लोक येतात, दोघांसाठी हळहळतात. पहिल्या दिवशी खरं सांगायला गेले, पण तोंडातून निघेना. मग वाटलं, खोटं तरी काय आहे त्यात. परवा तेराव्याला भटजींनी विचारलं, भावाच्या नावाचंही पान बाजूला वाढायचं का. मी हो म्हटलं. मीच वाढलं. भात, ताकातली तंबळी, तुम्हाला आवडते ती सांडगी मिरची, सगळं.

यापुढे तुमचं टपाल इथून परत येईल. मेलेल्या माणसाची पत्रं मी घेणार नाही, असं पोस्टात सांगून ठेवलं आहे.

कै. गणपती हेगडे मास्तरांची पत्नी,
कावेरी