मोकळी ठेवलेली कड

बाबा, गेल्या आठवड्यात तुमचा फिशटँक रिकामा केला. मासे कधीच गेले होते, पाणी तेवढं मी बदलत राहिले. का, ते विचारू नका. आई विचारते आणि मला सांगता येत नाही. आता तिने धोशाच लावलाय, "ता काचेचा खोका भंगारात दी गो. मेज तरी माका मोकळा गावांदे." तिचं चूक नाही. जनेलाजवळचं, खिडकीच्या उजेडातलं ते मेज तिने पोळ्या लाटायला म्हणून घेतलं होतं, आणि इतकी वर्षं त्यावर पाण्याने भरलेली पेटी बसली आहे. म्हटलं, देऊन टाकू. मला त्याचं काही वाटलं नाही. तुम्ही गेल्यापासून मला बऱ्याच गोष्टींचं काही वाटत नाही, लोक म्हणतात हिचा जीव घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नाही, बधिर झालाय इतकंच.

तुम्ही तो टँक म्हापशाच्या बाजारातून जुना उचलून आणलात, तो दिवस मला चांगला आठवतो. ट्रकच्या केबिनमधल्या आरशाला पिशवी लटकवलेली आणि पिशवीत लाल मासे. आई चुलीपुढून उठून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "घरात मासो हाडलो, तो बघूक? कढीत घालूचो नाय, तर हाडलो कित्याक?" तुम्ही हसलात. पाळी गावात आपल्या भाड्याच्या घराच्या पायरीला लागूनच खाणीचा रस्ता, दिवसभर खनिजाचे ट्रक, त्यातलाच एक तुमचा. टँकच्या तळाशी शोभेला घालायलाही तुम्हाला खनिजाचेच खडे सुचले. काच फुटेल म्हणून मी घाबरले, तर तुम्ही मला समजावताय, "हौद्यात माल भरूच्या आदी खाली कायतरी हातरूक व्हया. काच असली म्हणान काय झाला, तो हौदोच." आणि आईच्या मेजावरचं द्राक्षांच्या चित्रांचं प्लॅस्टिक एका बाजूने कापलंत.

गॅरेजमधून सिलिकॉनची नळी आणलेली. सगळ्या घरात कोकमाच्या सोलांसारखा आंबट वास. तुम्ही काचेच्या तळाला आतून मधोमध गोंद लावताय, वर प्लॅस्टिक ठेवून चमच्याच्या, आपल्या कुलेराच्या पाठीने हवा बाहेर काढताय, जीभ दातात धरून. कडांना मात्र गोंदाचं बोट लावत नाही. आई विचारते, तर म्हणता, "कडो मोकळ्यो ठेवूच्यो. पाणी निचराक व्हया." ट्रकच्या हौद्यात ताडपत्री अंथरताना तुम्ही आयुष्यभर हेच केलं होतं. आई कमरेवर हात ठेवून उभी. "टाकीतला पाणी निचरान खय जातला? माझ्या मेजार?" तुम्ही क्षणभर तिच्याकडे बघितलंत, मग टँककडे. चूक कळली होती, पण गोंद संपला होता, आणि बायकोसमोर कबूल कोण करणार. तसंच पाणी भरलंत.

मग व्हायचं ते झालं. खड्यांची बारीक लाल माती त्या मोकळ्या कडांतून प्लॅस्टिकखाली जाऊन बसली. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की घर हलायचं, मेज हलायचं, आणि प्लॅस्टिकच्या कडेने लाल धूर उठावा तसं पाणी लाल व्हायचं. लाल पाण्यात लाल मासे, दिसणार काय? पाहुणे आले की आई म्हणायची, आत मासे आहेत हो, विश्वास ठेवा. तुम्हाला मात्र मजा वाटायची. सुट्टीच्या दिवशी जेवताना आवाज यायच्या आधी तुमचं लक्ष पाण्याकडे, आणि "इली बघ गाडी." तेवढ्यात गाडी यायचीच.

खाण बंद पडली तेव्हा आम्हाला आधी ते पाण्यातच दिसलं. रस्ता गप्प झाला आणि टँक निवळला. मासे, खडे, खड्यांमधून दिसणारी द्राक्षं, सगळं स्वच्छ. तुम्ही खुर्ची ओढून समोर बसलात आणि म्हणालात, "काय निवळ दिसता गो पाणी." ट्रक अंगणात उभा, चाकांखाली गवत. आणि एका दुपारी मी पाणी प्यायला आत आले तर तुम्ही गुडघ्याने मेज हळूहळू हलवत होता. पाणी लाल होत होतं, तुम्ही बघत होता. ते निवळलं की परत. मी तांब्या न भरताच मागे फिरले. तुम्ही त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. डॉक्टर काय ते म्हणाले, पण माझ्या लेखी तुम्ही त्या निवळ पाण्याने गेलात. मला रडू आलं नाही. बायका जवळ बसून वाट बघत होत्या, मी चहाचे कप विसळत होते.

तर गेल्या आठवड्यात टँक अंगणात नेऊन उपडा केला आणि प्लॅस्टिक ओढलं. चटकन हातात आलं, तुमचा गोंद केव्हाच मेला होता. खाली तळाला लाल माती बसलेली, ओली, ताज्या सारवणासारखी. भंगारवाला गल्लीच्या तोंडाशी ओरडत होता. मी त्याला हाक मारली नाही. बाजारात जाऊन सिलिकॉनची नळी घेऊन आले. आई पायरीवर बसून बघत होती. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, पण ती एवढंच म्हणाली, "ह्या खेपेक तरी कडो चिकटय." आणि तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मी कडेची काच पुसली, मधली माती तशीच ठेवली, वर द्राक्षांचं प्लॅस्टिक घातलं आणि कुलेराच्या पाठीने हवा काढली. घरभर तोच आंबट वास. खडे परत घातले. गोंद सुकल्यावर, आज सकाळी टँक परत मेजावर ठेवून पाणी भरलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि टाकलं तरी जायचं कुठे. पण एक सांगते, आईला सांगितलेलं नाही. कडा चिकटवल्या म्हणाले तिला. जनेलाकडची एक कड मी मोकळी ठेवली आहे. दुपारी ती झोपली, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मी तुमच्या खुर्चीत बसून मेजाला गुडघा लावला.

गाडी इली, बाबा.